घराच्या अंगाची टोपली

तिचं पाळण्यातलं नाव शेवटी शेवटी तिच्या सासूलाही आठवत नव्हतं. लग्न होऊन आली ती थेट ओढ्यात उभी राहिली आणि उभीच राहिली, म्हणून सगळे तिला ओढेकाकी म्हणत. तिच्याहून मोठी माणसंही काकीच म्हणत आणि ती कुणाला हटकत नसे. पाण्यात राहून राहून तिच्या तळपायांची कातडी इतकी घट्ट झाली होती की नवरा हयात असताना थट्टेने म्हणायचा, हिला चपला घेऊन देणं म्हणजे दगडावर छत्री धरणं.

डोंगरातल्या त्या वस्तीचं पोट पिढ्यान्‌पिढ्या कडू कंदावर चालत आलेलं. कंद खणायचा, उकडायचा, त्याच्या पातळ चकत्या करायच्या, टोपल्यांत भरायच्या आणि टोपल्या वाहत्या पाण्यात दगड ठेवून दाबून द्यायच्या. कंदाच्या अंगात जे वाईट आहे ते पाणी हळूहळू घेऊन जातं. सगळं गेलं तर त्याच्यासारखं अन्न नाही. थोडं राहिलं तर तोंड भाजतं, पोट ढवळतं. जास्त राहिलं तर माणूस आडवा होतो. म्हणून धुणारीनेच आधी चाखायचं. एक चकती जिभेच्या टोकावर धरायची, थुंकायची आणि वाट बघायची. चुरचुरलं नाही तर दुसरी चावून गिळायची, परत थांबायचं. काकी चकती तोंडात घालण्याआधी डोळे मिटून मनात एवढंच म्हणायची, देवा, तुझ्या भरवशावर.

चाखलेली टोपली ओढ्याच्या घराकडच्या काठावर जायची. न चाखलेली पाण्यातून काढली तर ती रानाकडच्या काठावर. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं आणि त्याला काही नावही नव्हतं. घराच्या अंगाला आहे ते खायचं, रानाच्या अंगाला आहे त्याला हात लावायचा नाही, एवढं रांगतं पोरसुद्धा जाणत होतं. बायका दिवसभर ओढ्यावर बोलत, भांडत, एकमेकींच्या सासवांच्या नकला करत, पण कुठली टोपली चाखून झाली हे तोंडाने सांगायची वेळ कधी आली नाही. हातच सांगायचे.

काकीची जोडीदारीण म्हणजे तिची जाऊ. तिला सगळे धाकटी म्हणत. नवी नवरी होती तेव्हा कंद सोलताना तिच्या हातांना खाज सुटायची आणि ती रडायची. काकीने तिचा हात धरून तिला ओढ्यात उभं केलं, चाखायला शिकवलं, जीभ भाजली तेव्हा काय करायचं तेही शिकवलं. सासू गेली, मग काकीचा नवरा गेला, आणि त्या मोठ्या घरात या दोघींनी एकमेकींना सांभाळलं. काकी मोजकं बोलायची. धाकटी एकदा सुरू झाली की ओढा आटेल पण ही आटायची नाही, असं वस्तीत म्हणत.

ज्या वर्षी घाटाचा रस्ता खचला त्या वर्षी खालच्या गावाला पहिल्यांदा कळलं की आपलं पोट ट्रकच्या चाकांवर आहे. दुकानांच्या फळ्या रिकाम्या झाल्या. खोऱ्यातल्या मळ्यांत भाजी होती, पण नुसत्या भाजीवर माणूस किती तग धरणार? तेव्हा डोंगरातून कंद उतरला. काकी, धाकटी आणि वस्तीतल्या बायकांनी पाठीवरून टोपल्या आणल्या आणि रस्ता दुरुस्त होईपर्यंत गाव त्यावर जगलं. एरवी ज्यांनी कंद खाणाऱ्यांना नाक मुरडलं होतं त्यांनीही वाटी पुढे केली. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, तसं झालं.

पुन्हा अशी पाळी येऊ नये म्हणून एक समिती झाली. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी तिचे सचिव. दवाखान्यातल्या नर्सबाई होत्या, खोऱ्यातल्या मळेवाल्यांकडून एक बागवाली होती आणि डोंगराकडून ओढेकाकी. गावाने बाजारामागचं जुनं गोदाम, गॅस आणि गाडी द्यायची, खोऱ्याने भाजीपाला द्यायचा, डोंगराने कंद. जेवण तयार होऊन जायचं ते एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे आणि दवाखान्यात आपल्या माणसाच्या उशाशी बसलेल्यांकडे. काकीने एकच अट घातली होती. आमचा कंद करायचा की नाही, कसा करायचा, कधी करायचा, ते आम्ही ठरवू, कुणी येऊन पातेल्यात डोकवायचं नाही. गुरुजींनी दोनच शब्दांत उत्तर दिलं होतं. "पातेलं तुमचं."

त्याच समितीच्या शब्दावर आणखी एक गोष्ट झाली, आणि डोंगराला तीच मोठी होती. वनखात्याने बंद केलेला पूर्वेचा उतार पुन्हा खणायला मोकळा झाला. आजे-पणजे जिथे गाणी म्हणत खणायचे तिथे काकीच्या पिढीने चोरासारखं, पाचोळा वाजू न देता खणलं होतं. आता उन्हात, उघड्यावर, मोठ्याने बोलत खणता येत होतं. समिती कंद घेते म्हणून उतार मोकळा. कंद बंद झाला तर उतारही बंद. हे वस्तीतल्या प्रत्येकाला पाठ होतं.

गोदामाच्या अंगणात ओढा कुठून आणणार? गावाने एक लांब, अरुंद सिमेंटची कुंडी बांधून दिली. एका टोकाला नळ, दुसऱ्या टोकाला बाहेर जाणारं पाणी, म्हणजे प्रवाह चालू राहायचा. कुंडी अंगणाच्या मधोमध. तिच्या एका बाजूला फाटक आणि फाटकापलीकडे गाव. दुसऱ्या बाजूला मागची भिंत, आणि भिंतीवरून दिसणारा डोंगर. काकीने पहिल्या दिवशी कुंडीत हात घातला, नाकाने श्वास सोडला आणि म्हणाली, "ओढ्याचं पिल्लू आहे. चालेल."

आणि चाललं. दोघी जावा पहाटेच्या गाडीने उतरायच्या, धुवायच्या, चाखायच्या, चाखलेल्या टोपल्या भिंतीकडे ठेवायच्या. सगळ्या चाखून झाल्या की त्या आचाऱ्याच्या हातात द्यायच्या आणि तो पातेल्यात घालायचा. पुढे धाकटीच्या नवऱ्याला गावातल्या शीतगृहावर पहारेकऱ्याची नोकरी लागली आणि शीतगृहामागे एक खोलीही मिळाली. मुलीची शाळा जवळ पडणार होती. डोंगर उतरताना धाकटी काकीच्या गळ्यात पडून रडली, आणि थोड्याच दिवसांत खांद्याला पर्स अडकवून यायला लागली.

"त्यात काय, ओढा भरून आणलास?" काकीने विचारलं.

"रुमाल आहे, जाऊबाई. आणि आरसा."

"आरसा कशाला? कंद बघणार आहे का तोंड?"

धाकटी हसली. पण तेव्हापासून दोघींनी दिवस वाटून घेतले. एक दिवस हिचा, एक तिचा. कुंडीवर दोघी एकत्र असणं संपलं, आणि त्याचं कुणाला काही वाटलंही नाही.

मग तो दिवस आला. दिवस धाकटीचा होता. तिने सकाळी टोपल्या काढायला सुरुवात केली, अर्ध्याअधिक चाखल्या, आणि शाळेतून निरोप आला की मुलगी जिन्यावरून पडली. तिने हात पदराला पुसले, आचाऱ्याला म्हणाली, जाऊबाईंना बोलावून घ्या, बाकीचं त्या बघतील, आणि पळत गेली. काकी त्या दिवशी समितीच्याच कामासाठी गावात होती. ती अंगणात आली तेव्हा टोपल्या कुंडीच्या दोन्ही अंगांना होत्या. तिला विचार करावा लागला नाही. भिंतीकडच्या तिने आचाऱ्याला उचलून दिल्या. फाटकाकडच्या पुन्हा पाण्यात सोडल्या, वर दगड ठेवले, आणि देवाचं नाव घेऊन आपल्या कामाला लागली.

जेवणं वाटून झाल्यावर दवाखान्यातून पहिली तक्रार आली. मग दुसरी. कुणाचे ओठ सुजले, कुणाचा घसा जळायला लागला. बहुतेकांनी दोन घास खाऊन ताट सरकवलं होतं, त्यामुळे ते तेवढ्यावर निभावलं. एकच माणूस पूर्ण जेवला. टपालवाले आजोबा.

आजोबा एके काळी डोंगरावर पायी टपाल पोचवायचे. एका आजारपणात त्यांची जीभ बधिर झाली आणि चव गेली ती परत आली नाही. पण बोलून दाखवलं तर वाढणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून ते रोज डबा घेऊन जाणाऱ्याला सांगायचे, आज मीठ कसं बेतशीर पडलंय. एकदा आचारी मीठ घालायलाच विसरला होता, तरी मीठ बेतशीरच पडलं होतं. सगळ्यांना ते गुपित माहीत होतं आणि कुणी त्यांना कळू दिलं नव्हतं. त्या दिवशी तोंड भाजतंय हेही त्यांना कळलं नाही. त्यांनी डबा पुसून खाल्ला. संध्याकाळी शेजाऱ्याला ते दारात पडलेले सापडले, ओकारीने भरलेले, हाक मारली तर डोळे फिरवणारे.

काकीने पातेल्याच्या तळाशी उरलेली एक चकती उचलून जिभेला लावली आणि लगेच थुंकली. न चाखलेला कंद होता. अजून दोन दिवस पाण्यात राहायला हवा होता असा.

समितीची बैठक गोदामातच भरली. गुरुजी टेबलाच्या कडेला बोटं घासत बसले होते. ते वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते. त्यांनी धाकटीला विचारलं, चाखलं होतं का? ती म्हणाली, देवाशपथ चाखलेलंच चाखलेल्याच्या जागी ठेवलं होतं. त्यांनी काकीला विचारलं, तुम्ही कुठलं उचललं? काकी म्हणाली, चाखलेल्याच्या जागचं.

दोघी खरंच बोलत होत्या आणि दोघींचं खरं जुळत नव्हतं.

काकीला मनातून वाटत होतं की धाकटी चुकली. मुलीच्या काळजीने गडबडली असेल, नाहीतर गावात राहून हात सैल झाला असेल. भिंतीच्या बाजूला न चाखलेल्या टोपल्या ठेवून गेली. हे बोलायचं म्हणजे आपल्या माणसाला सगळ्यांदेखत उभं करायचं. आपलेच दात, आपलेच ओठ. ती गप्प बसली. तिला वाटलं, हे झाकलेलं बरं. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ समितीने आपल्या परीने लावला: बायकांची चूक नाही, म्हणजे कंदच भरवशाचा नाही. किती धुतला तरी कधी उलटेल सांगता येत नाही. गुरुजी म्हणाले, तूर्त कंद थांबवू, बाहेरून पिठाची पोती मागवू. बागवाली खाली बघत राहिली. नर्सबाई म्हणाल्या, आजोबा शुद्धीवर आहेत पण मला आज काही सांगता येणार नाही.

काकीने ऐकलं ते एवढंच: कंद थांबवू. तिच्या डोळ्यांपुढे पूर्वेचा उतार आला.

धाकटीने त्या गप्प बसण्याचा वेगळाच अर्थ लावला. फाटकाबाहेर ती म्हणाली, "एक शब्द बोलला नाहीत तुम्ही. त्या सगळ्यांना वाटू दिलंत की मी काहीतरी लपवतेय."

"मी तुला वाचवलं," काकी म्हणाली.

"कशातून? मी काय केलं होतं?"

धाकटी पर्स सावरत शीतगृहाच्या रस्त्याला लागली. इतक्या वर्षांत त्या अशा कधी वेगळ्या झाल्या नव्हत्या, भांडून झाल्यावरही एकाच ताटात जेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी काकी दवाखान्यात गेली. आजोबांचे ओठ फुटले होते आणि हाताला सलाईन होतं. तिला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. ती पायाशी स्टुलावर बसली. आजोबाच बोलले, आवाज खरवडल्यासारखा येत होता. त्यांनी पहिल्यांदाच कबूल केलं की त्यांना चव कळत नाही.

"माझी जीभ तुमच्याकडेच ठेवली होती ना मी," ते म्हणाले. रागाने नाही. कुणी घराची किल्ली कुठे ठेवली ते सांगावं तसं.

काकी बाहेर व्हरांड्यात आली आणि खांबाला डोकं टेकून उभी राहिली. देवाकडे काय मागावं हेही तिला सुचत नव्हतं. म्हातारा बरा होऊ दे, हे तर खरंच. पण त्याच्या मागोमाग मनात येत होतं, उतार बंद होऊ देऊ नकोस. दोन्ही एकदम मागताना तिला स्वतःची लाज वाटली. आजारी माणसाच्या उशाशी आपण कंद मागतोय, असं वाटलं. मग वाटलं, कंद मागणं म्हणजे वस्तीचं पोटच मागणं आहे, देवाला ते कळत नसेल तर कुणाला कळणार?

पोती येणार म्हणून कुंडी आणि टोपल्या धुऊन ठेवायचा निरोप गुरुजींनी पाठवला. निरोप दोघींना गेला, म्हणून दोघी आल्या. बोलल्या नाहीत. काकी एका टोकाला, धाकटी दुसऱ्या टोकाला. रिकाम्या टोपल्या काथ्याने घासायच्या, पाण्यातून काढायच्या, निथळत ठेवायच्या. नळाच्या आवाजाखेरीज आवाज नव्हता. काकीच्या मनात येत होतं की ही एवढी बडबडी बाई गप्प बसली की अंगण किती मोठं वाटतं.

टोपल्या संपत आल्या तेव्हा काकी कंबर सरळ करायला उभी राहिली. आणि तिने बघितलं.

धुतलेल्या टोपल्यांचे दोन ढीग झाले होते. तिचा भिंतीकडे. धाकटीचा फाटकाकडे. आणि धाकटीच्या पाठीशी, भिंतीच्या बाजूला, तिच्या वाटच्या न धुतलेल्या टोपल्या होत्या.

तिने हळूच विचारलं, जणू मोठ्याने विचारलं तर काहीतरी फुटेल. "त्या धुतलेल्या आहेत का गं?"

"मग काय," धाकटी तिच्याकडे न बघता म्हणाली.

"तिकडे का ठेवल्यास?"

"मग कुठे ठेवू? घराकडेच ठेवणार ना..." आणि तिचा हात हवेतच थांबला.

तिने फाटकाकडे बघितलं. फाटकापलीकडे बाजार, बाजारापलीकडे शीतगृह, शीतगृहामागे तिची खोली. मग तिने भिंतीवरून दिसणाऱ्या डोंगराकडे बघितलं. तिच्या हातातली टोपली पाण्यात पडली आणि वाहत जाऊन टोकाला अडकली.

घर हललं तसा हात हलला होता. तिने ठरवून काही केलं नव्हतं. खोलीत राहायला गेल्यावर कुठल्या तरी दिवशी तिच्या हातांनी आपणहून काठ बदलला होता, आणि दिवस वाटून घेतल्यामुळे ते दोघींपैकी कुणालाही कळलं नव्हतं. आपापल्या दिवशी दोघी सगळ्या टोपल्या स्वतःच चाखून आचाऱ्याच्या हवाली करत होत्या. एकीचं अर्धं काम दुसरीने हातात घ्यायची वेळ त्या दिवशी पहिल्यांदाच आली. धाकटीने चाखलेल्या टोपल्या काकीने पुन्हा पाण्यात बुडवल्या होत्या, आणि न चाखलेल्या वाढल्या होत्या.

धाकटी कुंडीच्या काठावर बसली. "म्हणजे मीच," ती म्हणाली.

"उचलल्या मी," काकी म्हणाली. "चाखल्याशिवाय उचलल्या. बाजू बघितली, कंद बघितलाच नाही."

धाकटी रडायला लागली. काकीला तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण तिच्या मनात एक काटा राहिला होता आणि तो खोटं बोलून काढता येत नव्हता. धाकटी खाली राहायला गेली हे तिला कळलं होतं. तिचं घर खाली गेलं हे आज कळत होतं.

दोघी मिळून गुरुजींकडे गेल्या. त्यांनी बैठक पुन्हा बोलावली. या वेळी काकी बोलली, धाकटीने मध्ये मध्ये भर घातली, आणि जे झालं ते सगळं टेबलावर ठेवलं. कंद उलटला नाही. पाणी कमी पडलं नाही. आम्ही दोघी दोन घरांच्या झालो, आणि टोपलीला ते माहीत नव्हतं.

बागवालीने मान वर केली. ती म्हणाली की गेल्या वेळी आपण गप्प बसलो ते उगाच नाही. कंद बंद झाला तर आमची भाजी जास्त लागेल, असा हिशेब मनात होता, आणि त्याची तिला तेव्हापासून टोचणी लागली होती. "पोती आली की उद्या आमची भाजीही बाहेरून येईल," ती म्हणाली. "एकाचं काढलं की दुसऱ्याचं सैल होतंच." गुरुजींनी ते ऐकून घेतलं.

नर्सबाई मात्र कडक राहिल्या, आणि काकीला त्यांचा राग आला नाही, कारण आजोबांच्या उशाशी त्याच बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं की दवाखान्यातही एकदा असंच झालं होतं. एकीला वाटलं दुसरीने औषध दिलं, दुसरीला वाटलं पहिलीने. तेव्हापासून पाळी बदलताना पेशंट हातात देतात. कॉटजवळ उभं राहून एकीने तोंडाने सांगायचं, दुसरीने तोंडाने परत म्हणायचं. "माणसाचा जीव मी कुठल्या बाजूवर सोपवत नाही, काकी," त्या म्हणाल्या. "तुम्हीही सोपवू नका."

शेवटी ठरलं ते असं. कंद धुणं पुन्हा वर, ओढ्यावर. गाडी वर येऊन तयार कंद घेऊन जाईल. पण निम्मं जेवण आता पोत्यांतल्या पिठाचं. आणि पुन्हा एका माणसाचं जरी तोंड भाजलं तरी कंद कायमचा बंद, मग उताराचं काय होईल ते समितीच्या हातात नाही.

"कसा करायचा ते तुम्हीच ठरवा," गुरुजी म्हणाले. "पण करायचा की नाही, ते आता आम्हाला ठरवावं लागेल. माझा नाइलाज आहे."

काकीने मान हलवली. पातेलं तुमचं, हे दोन शब्द ते विसरले नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी ते परत घेतले होते, आणि परत घेण्याइतकं कारण तिनेच त्यांच्या हातात दिलं होतं. बाहेर निघताना तिला गोदामाच्या कोपऱ्यात पोती रचलेली दिसली. ती आधीच येऊन पडली होती.

आजोबा घरी आले. काठी धरून दारापर्यंत येतात. नर्सबाईंनी त्यांना कंद बंद केला आहे. डबा नेणाऱ्याला ते सांगतात, मीठ बेतशीर आहे, पण पूर्वीसारखं हसत नाहीत.

धाकटीपुढे दोनच वाटा होत्या. खाली राहून हे काम सोडायचं, नाहीतर रोज गाडीने वर यायचं. ती येईल असं काकीने धरलं नव्हतं, आणि येणार नाही असं म्हणायची तिची हिंमत नव्हती. पहिल्या सकाळी गाडीचा आवाज आला तेव्हा ती मुद्दाम पाठमोरी उभी राहिली.

धाकटी उतरली. पर्स आणली नव्हती. लुगडं वर खोचून ती पाण्यात शिरली, गारठ्याने तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली, आणि काकीला ते पुटपुटणंच फार दिवसांनी ऐकल्यासारखं वाटलं. वस्तीतल्या बाया काठावर होत्या. त्यांना सगळं माहीत होतं, म्हणून कुणी टोमणा मारला नाही, आणि तेच धाकटीला जास्त लागलं असणार.

तिने पहिली टोपली वर घेतली. चकती जिभेवर ठेवली, थुंकली, थांबली. दुसरी चावली, गिळली, थांबली. मग टोपली कमरेवर घेऊन ती उभी राहिली आणि उभीच राहिली. एका बाजूला वस्तीतल्या त्या मोठ्या घराची कौलं होती, जिथे आता काकी एकटी झोपायची. दुसऱ्या बाजूला रान. आणि तिची खोली यांतल्या कुठल्याच अंगाला नव्हती, खाली, नजरेआड होती. टोपलीतून पाणी तिच्या अंगावर गळत होतं. तिला पाऊल टाकता येईना.

काकीने तिचं तोंड बघितलं. ती पाणी कापत तिच्याजवळ आली आणि दोन्ही हात पुढे केले.

"ठेवू नकोस कुठे," ती म्हणाली. "माझ्या हातात दे. आणि तोंडाने सांग."

धाकटीने टोपली तिच्या हातात दिली. "चाखलंय, जाऊबाई."

"चाखलंय," काकी म्हणाली. मग टोपली एका हाताने छातीशी धरून तिने त्यातली एक चकती उचलली, डोळे मिटले, आणि जिभेवर ठेवून वाट बघत राहिली. धाकटी तिच्या तोंडाकडे बघत तशीच पाण्यात उभी होती.